चहामळ्यावरील चित्रपथक : मुक्कामाची जागा आणि चित्राचा पुरावा

केनियाच्या उंच प्रदेशातील चहाविषयी जे अनुबोधपट निघाले आहेत, त्यांपैकी कोणतेही चार पाहिले तरी प्रारंभ बहुधा एकच आढळतो. धुके हळूहळू वर उचलले जात असते. टेकडीच्या उतारावर वरून कातरल्यासारखी सपाट झुडपे पसरलेली असतात. पाठीला टोपली लावलेल्या स्त्रियांची रांग त्यांतून पुढे सरकत असते. आणि मग कॅमेरा अगदी जवळ जाऊन दोन बोटांत धरलेली कोवळी पाने दाखवितो. त्यानंतर थोड्याच वेळात चहा पेल्यात पडतो. निरनिराळ्या देशांतून व निरनिराळ्या हेतूंनी आलेल्या पथकांनी एकच चित्र घेऊन परतावे, हा योगायोग नव्हे. आणि दिग्दर्शकांच्या कल्पनेचे दारिद्र्य म्हणूनही त्याची वासलात लावता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते कारण अधिक साधे आहे. पथक कोठे उतरले, किती दिवस राहिले आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी त्याला मळ्यात वावरता आले, यांवरून चित्रात काय येणार व काय येणार नाही, हे पुष्कळसे आधीच ठरून जाते. भूगोल व समाजशास्त्र यांचे अभ्यासक अशा पटांकडे पुरावा म्हणून पाहू लागले आहेत. तेव्हा या मुक्कामाचे स्वरूप थोडे उलगडून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम प्रदेशाविषयी. केनियातील चहा महाखचदरीच्या दोन्ही अंगांच्या उंच भूमीवर होतो : पूर्वेस लिमुरू व केनिया पर्वताच्या उतारांवर, पश्चिमेस केरिचो, नंदी व किसी या भागांत. समुद्रसपाटीपासूनची उंची साधारणतः 1,500 ते 2,700 मीटर. विषुववृत्त येथूनच जाते. परंतु उंचीमुळे हवा थंड, पाऊस वर्षभर विभागलेला आणि जमीन आम्ल, म्हणजे चहाला हवी तशी. 1985 साली निघालेल्या ‘आऊट ऑफ आफ्रिका’ या चित्रपटामुळे या प्रदेशाची जी प्रतिमा जगभर पसरली ती कॉफीच्या मळ्याची होती. गंमत अशी की, तो मळा कॉफीच्या मानाने फार उंचावर असल्यामुळेच नीट चालला नाही, असे मानले जाते; कॉफीला जी उंची भोवली तीच चहाला मानवली. लिमुरू येथे चहाची पहिली रोपे 1903 मध्ये लावली गेली, तेथेच ए. बी. मॅकडोनेल याने कियांबेथू येथील आपल्या जमिनीत 1918 पासून विक्रीसाठी चहा करण्यास प्रारंभ केला. मोठ्या कंपन्या आल्या त्या 1920 नंतरच्या दशकात, आणि केरिचो हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

आता प्रकाशाचा प्रश्न घ्यावा. विषुववृत्तावर सूर्य जवळजवळ सरळ रेषेत वर चढतो. साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि दहा वाजेपर्यंत ऊन इतके उभे पडू लागते की, टोपीच्या कडेखाली मनुष्याचा चेहरा काळोखात जातो. दुपारनंतर केरिचोकडे व्हिक्टोरिया सरोवरावरून येणारी हवा डोंगराला भिडून ढग जमतात आणि पाऊस किंवा गारा पडतात. गारांच्या बाबतीत हा भाग जगात कुप्रसिद्ध आहे. 1960 नंतरच्या दशकात येथील मळेवाल्यांनी ढगांत अग्निबाण सोडून, व पुढे विमानांतून रसायने फवारून, गारा रोखण्याचे प्रयोगही करविले होते. चित्रपथकाच्या दृष्टीने या सर्वांचा अर्थ एवढाच की, चित्रण करावयाचे ते सकाळी साडेसहा ते दहा या वेळात. परंतु याच वेळी खुडणीस नुकता आरंभ झालेला असतो. टोपली रिकामी, हात ताजे, पाठ सरळ. दुपारी तीन वाजता, पावसात भिजलेले वस्त्र अंगावर घेऊन, भरलेले ओझे वजनकाट्याकडे नेणारी तीच स्त्री पटावर क्वचितच दिसते. कारण तेव्हा कॅमेरा पेटीत गेलेला असतो. चित्रात जी प्रसन्नता दिसते ती खोटी नसते. ती सकाळची असते, एवढेच.

खुडणीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण पथकाचा आणि मजुराचा प्रत्यक्ष संबंध येथेच येतो. चांगल्या चहासाठी फांदीच्या टोकाचा न उमललेला कोंब व त्याखालची दोन पाने एवढेच खुडावयाचे असते. एकदा खुडलेल्या झुडपावर हवामानाप्रमाणे सात ते चौदा दिवसांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. फार उशीर झाला तर पाने निबर होतात. झुडूप मोकळे वाढू दिले तर त्याचे झाड होईल. ते कमरेएवढे ठेवून वरचा पृष्ठभाग सपाट राखणे हेही खुडणाऱ्याच्या हातांचेच काम असते. दोन्ही हात एकाच वेळी चालतात, मुठीत पाने साठतात, आणि मूठ भरली की ती खांद्यावरून मागे टोपलीत जाते. ही हालचाल इतक्या वेगाने होते की, नेहमीच्या गतीच्या चित्रणात ती पुरती कळत नाही. म्हणून दिग्दर्शक म्हणतो, ‘जरा सावकाश, आणखी एकदा.’

या ‘आणखी एकदा’ची किंमत कोण देतो? मळ्यावरील मजुरी बहुतांशी वजनावर असते. साडेचार किलोंच्या आसपास ओली पाने खुडावीत तेव्हा एक किलो तयार चहा होतो. आणि पाने किती भरली यावर त्या दिवसाची कमाई ठरते. पथकाने अर्धा तास एका स्त्रीस एकाच झुडपापाशी उभे केले, तर तिच्या रांगेतील इतर जणी पुढे निघून जातात आणि तिच्या वाटणीची ओळ मागे राहते. पाहुण्यांचा मान म्हणून ती हसते व सांगितले तसे करते. नाही म्हणण्याची तिला मुभा आहे की नाही, हे शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाकडे पाहून समजावे. काही पथके जाताना सर्वांना मिळून थोडे पैसे देतात. परंतु ते मुकादमाच्या हाती दिले जातात, आणि पुढे त्यांचे काय झाले हे पटात येण्याचे कारण नसते. खोळंबलेल्या वेळात जितकी पाने भरली असती तितक्याचे दाम त्या त्या व्यक्तीच्या हाती देणे हा साधा न्याय आहे. तो करणे अवघडही नाही, कारण काट्यावर रोजचे आकडे लिहिलेलेच असतात.

खुडलेले पान थांबत नाही. ढिगात दाबून ठेवले तर ते तापते आणि बिघडते. म्हणून दुपारपर्यंतचा माल संध्याकाळच्या आत कारखान्यात पोचवावा लागतो. तेथे लांबलचक जाळीदार हौदांवर पाने पसरून खालून हवा खेळवितात, व बारा ते अठरा तासांत ती कोमेजून लवचिक होतात. याचाच परिणाम असा की, कारखान्यातील मुख्य काम रात्रभर व पहाटेपर्यंत चालते. कोमेजलेली पाने दातेरी रुळांच्या जोड्यांतून जातात. एक रूळ दुसऱ्यापेक्षा पुष्कळ वेगाने फिरत असल्यामुळे पान चुरले जाते, फाटते आणि वळून त्याचा दाणा बनतो. ही सी.टी.सी. नावाची रीत 1930 च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर याने काढली, आणि आज केनियाचा बहुतेक चहा तिनेच होतो. आपल्या घरोघरी डब्यात असलेली दाणेदार चहापूड ती याच जातीची. त्यानंतर हिरवा चुरा तासाभरात तांबूस होतो. या क्रियेस ‘आंबविणे’ म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक तेथे किण्व वगैरे काही नसते, पानातील द्रव्यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. शेवटी उष्ण हवेने तो वाळवितात, आणि ओलावा शेकडा तीनच्या आसपास उरतो. उष्णतेसाठी बाष्पपात्रात निलगिरीची लाकडे जळत असतात. म्हणूनच चहामळ्याशेजारी निलगिरीची लागवड हटकून दिसते.

हे सर्व पथकाच्या दृष्टीने अत्यंत गैरसोयीचे आहे. आवाज एवढा की मुलाखत घेता येत नाही, हवेत बारीक धूळ, उजेड अपुरा, आणि वेळ मध्यरात्रीची. पहाटे साडेपाचला मळ्यात हजर राहावयाचे असल्यामुळे पथक तोवर झोपलेले असते. दिवसा, यंत्रे धुण्यासाठी थांबली असताना, व्यवस्थापक त्यांना कारखाना दाखवितो. परिणामी रात्रपाळीचा कामगार, भट्टीवर लाकूड टाकणारा व रुळांचे दाते घासून धार लावणारा कारागीर, ही माणसे चहाच्या चित्रेतिहासातून जवळजवळ पूर्णपणे गळली आहेत. चहा म्हणजे स्त्रिया, हिरवळ व सकाळ, असे जे समीकरण प्रेक्षकाच्या मनात बसते त्याचे मूळ काही अंशी या झोपेच्या वेळापत्रकात आहे.

पथक झोपते कोठे, हा पुढचा मुद्दा. मळ्यावर परक्या मनुष्यास राहण्याजोगी जागा म्हणजे कंपनीचा पाहुण्यांचा बंगला. पूर्वी केरिचोस ब्रुक बाँड कंपनीने 1950 नंतरच्या दशकात बांधलेले ‘टी हॉटेल’ही होते. लिमुरूकडे जुन्या मळेवाल्यांच्या घरी पाहुण्यांना जेवू घालून मळा दाखविण्याची चाल आहे. बंगल्याच्या ओसरीवरून जे दिसते ते खरोखरच रमणीय असते. कामगारांची वस्ती तेथून दिसत नाही. ती मळ्याच्या दुसऱ्या अंगास, सखल भागात, रांगेने बांधलेल्या खोल्यांची असते. बंगल्यावर उतरलेल्या पथकास वाहन व्यवस्थापकाचे, वाटाड्या कचेरीतला, आणि दुभाषाही बहुधा कचेरीतलाच मिळतो. येथे भाषेचा गुंता मोठा आहे. केरिचोच्या परिसरातील मूळचे लोक किप्सिगिस बोलतात. मजूर किसी व लुओ प्रदेशांतूनही येतात. मुकादमाचा हुकूम स्वाहिलीत असतो. कचेरीची भाषा इंग्रजी. मुलाखतीतील एखादे वाक्य तीन भाषांतून गाळून पटाच्या तळाशी येते तेव्हा त्यातील तक्रारीचा सूर कोठे गळला, हे सांगणे कठीण होते. स्वाहिलीतही चहाला ‘चाय’च म्हणतात, ही गोष्ट आपल्या वाचकांस आवडेल, पण केनियात ‘चायसाठी काहीतरी’ याचा अर्थ हात ओले करणे असाही आहे, आणि परवाने, नाके व वाटाडे यांच्याशी गाठ पडणाऱ्या पथकास हा दुसरा अर्थ लौकरच उमगतो.

मग अधिक काळ राहिल्याने दोष दूर होतो काय? 1935 ते 1937 या काळात आजच्या टांझानियातील उसांबारा डोंगरांत, वुगिरी येथे, एका चित्रपथकाने दीर्घकाळ तळ ठोकला होता. आफ्रिकन प्रेक्षकांसाठी शिक्षणपर चित्रपट तयार करण्याचा तो प्रयोग होता; खर्चाचा भार मुख्यतः अमेरिकेतील कार्नेगी निधीने उचलला होता, आणि चित्रनिर्मितीची सूत्रे मेजर एल. ए. नॉटकट यांच्याकडे होती. अंकुशकृमी, जनावरांच्या वैद्यकाचे शिक्षण, किंगोलविरा येथील शेतकऱ्यांची वसाहत, अशा विषयांवर सुमारे पस्तीस लहान पट निघाले, व मोटारलॉरीतून गावोगाव नेऊन दाखविण्यात आले. स्थानिक माणसे त्यांत कामे करीत, काही जण तंत्रही शिकले. एवढा निकट सहवास घडूनही दृष्टी मात्र मालकाचीच राहिली. नॉटकट हे पूर्वी घायपाताच्या मळ्यावर व्यवस्थापक होते, आणि मजुरांस समाधानी ठेवण्याचे एक साधन म्हणून चित्रपटाचा विचार त्यांना तेथेच प्रथम सुचला, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. तात्पर्य, मुक्काम किती दिवसांचा यापेक्षा तो कोणाच्या बाजूचा, हे अधिक महत्त्वाचे.

याचा कठोर प्रत्यय 2023 साली आला. त्या वर्षाच्या फेब्रुवारीत बी.बी.सी.ने केरिचोकडील मळ्यांविषयी एक शोधपट प्रसारित केला. त्यातील वार्ताहर स्त्री पाहुणी म्हणून बंगल्यावर उतरली नव्हती. ती काम मागणारी मजूर म्हणून, लपविलेला कॅमेरा घेऊन, भरती करणाऱ्यांपुढे उभी राहिली. आणि काम मिळण्यापूर्वीच तिला लैंगिक मागणीस तोंड द्यावे लागले. मळ्यांवर काम केलेल्या सत्तरांहून अधिक स्त्रियांनी वरिष्ठांकडून आपला छळ झाल्याचे तिच्या पथकास सांगितले. त्यानंतर संबंधितांस कामावरून दूर करण्यात आले, आणि केनियाच्या संसदेत चौकशीचा विषय आला. या मळ्यांवर त्यापूर्वी कॅमेरे आले नव्हते असे नाही. कित्येकदा आले होते, आणि याच स्त्रियांची बोटे त्यांनी टिपली होती. पण विचारणारा मुकादमाच्या सोबतीने आला होता, आणि ज्याच्यापासून भय आहे त्याच्यासमोर कोण बोलणार? लपविलेला कॅमेरा हे विद्यापीठीय संशोधनाचे साधन होऊ शकत नाही, हे मान्य करूनही, पाहुण्याच्या नात्याने घेतलेल्या शंभर मुलाखतींची किंमत किती धरावी हा प्रश्न त्यामुळे आपल्यापुढे उभा राहतो.

दुसरी एक गोष्ट अशी आहे की जी उघड्या किंवा लपविलेल्या कोणत्याच कॅमेऱ्यात येत नाही. केरिचोची हिरवळ एवढी सलग व रेखीव का? डोंगराच्या उतारावर शेतकऱ्यांची वहिवाट असती तर तेथे बांध, झोपड्या, मक्याचे तुकडे, गुरांच्या वाटा दिसल्या असत्या. त्या पुसल्या गेल्या म्हणून हा गालिचा अखंड दिसतो. वसाहतीच्या राजवटीत किप्सिगिस लोकांच्या हातून या जमिनी गेल्या. त्यांतील तलाई या धर्मप्रमुखांच्या कुळास तर 1934 मध्ये खास कायदा करून सरोवरकाठच्या ग्वासी या रोगट भागात हद्दपार करण्यात आले. 2010 च्या राज्यघटनेने परकीयांस 99 वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा देता येणार नाही असे ठरविले. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनीही किप्सिगिस व तलाई यांच्या गाऱ्हाण्यांची जाहीर दखल घेतली. चित्रात ज्याचे सौंदर्य वाटते ती सलगता स्वतःच एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे. मात्र तो वाचावयाचा तर पथकास मळ्याच्या कुंपणाबाहेरील म्हाताऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसले पाहिजे.

आणि कुंपणाबाहेरच केनियाचा निम्म्याहून अधिक चहा होतो, हे पुष्कळ प्रेक्षकांस ठाऊक नसते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1960 मध्ये, लहान आफ्रिकन शेतकऱ्यांस चहा लावण्यास साह्य करणारी एक सरकारी संस्था निघाली. 1964 मध्ये तिचे केनिया चहा विकास प्राधिकरण झाले. तिच्या आजच्या उत्तराधिकारी संस्थेशी सहा लाखांहून अधिक शेतकरी जोडलेले आहेत. एखाद-दुसरा बिघा चहा, कडेला मका, गोठ्यात एक-दोन गाई, असा हा संसार. पाने घरची माणसे किंवा रोजाने लावलेली बाई खुडते, आणि ती गावच्या खरेदीकेंद्रावर नेऊन वजन करावयाची. पोत्याचे म्हणून किती वजन वजा धरावे यावरून तेथे नेहमी कुरबूर चालते. कारखान्याची गाडी उशिरा आली तर अंधार पडेपर्यंत लोक पानांच्या राशीपाशी बसून राहतात. दरमहा पानांचा काही भाव हाती पडतो, व वर्षाचा हिशेब झाल्यावर उरलेली रक्कम मिळते. तिला सर्व जण ‘बोनस’च म्हणतात. मुलांची शाळा, घराचे पत्रे, दवाखान्याचे देणे, सारे त्या बोनसवर लोटलेले असते. तो कमी आला म्हणजे शेतकरी रस्त्यावर उतरतात. हा बोनस मोंबासाच्या साप्ताहिक लिलावातील दरावर अवलंबून असतो. तो लिलाव 1956 मध्ये नैरोबीस सुरू झाला आणि 1969 पासून मोंबासा बंदरात भरतो. व्यवहार डॉलरांत होतो, आणि सर्वांत मोठे गिऱ्हाईक पाकिस्तान आहे. कराचीतील हॉटेलवाल्याची मागणी आणि किसी डोंगरावरील मुलाची फी यांचा हा संबंध चित्रपटास फार उत्तम विषय होईल; पण शेतकऱ्याच्या दोन खोल्यांच्या घरी सहा माणसांचे पथक व बारा पेट्या सामान यांना उतरावयास जागा नसते, म्हणून ते पुन्हा बंगल्याकडेच वळते.

अलीकडे मळ्यांवर पाने कापणारी यंत्रे आली आहेत. दोघांनी दोन बाजूंनी धरून झुडपांवरून न्यावयाचे असे एक यंत्र कित्येक खुडणाऱ्यांचे काम करते. मे 2023 मध्ये केरिचोत रोजगार गेल्याच्या संतापाने अशी यंत्रे जाळण्यात आली व त्या दंगलीत एकाचा बळी गेला. तरीही चहाच्या पुड्यावर व पटाच्या पहिल्या दृश्यात टोपलीवाली स्त्रीच कायम आहे. आणि ती हवी म्हणून यंत्राच्या मळ्यावरही कधी कधी हाताने खुडणारी एक तुकडी पाहुण्यांसमोर उभी करता येते, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

म्हणून असा एखादा पट ग्रंथालयात दाखल करून घेताना शीर्षक, दिग्दर्शक व साल यांखेरीज आणखी काही नोंदी पत्रिकेवर असाव्यात, अशी सूचना कराविशी वाटते. पथक कोणाच्या घरी उतरले होते व किती रात्री. दुभाषी कोणी पुरविला. चित्रण दिवसाच्या कोणत्या वेळी झाले. मुलाखतीच्या वेळी मुकादम वा कचेरीतील मनुष्य जवळ होता काय. कारखाना चालू असताना पाहिला की बंद असताना. कामात खोळंबा झाला त्याचे दाम दिले गेले काय, आणि कोणाच्या हाती. यांपैकी पुष्कळशा गोष्टी पथकाच्या खर्चाच्या वहीत सापडतात, आणि ती वही मागितल्यास बहुधा मिळते.